हेमंताची बाग आणि शिशिराची बाग

आठ वर्षांपूर्वीच्या माघातली गोष्ट. टाकवे बुद्रुकला आमच्या घरामागे डोंगराचा जो उतार आहे, त्याच्या पायथ्याचा एक तुकडा शहरातल्या एका गृहस्थांनी घरासाठी घेतला होता. ते नकाशाची गुंडाळी घेऊन जागा पाहायला आले. मी झाडांविषयी काहीबाही लिहितो हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातले असावे. चहा झाल्यावर त्यांनी विचारले, “पावसाळ्यात इथे स्वर्ग असतो हे माहीत आहे हो. पण हिवाळ्यात इथे बघण्यासारखे काय असते? सगळे पिवळे गवत आणि वाळकी झाडे.”

आमच्यासमोर उतारावर एक कांडोळ उभा होता. एकही पान नसलेला, आणि अंगाने चुन्यासारखा पांढरा. त्याच्या खालच्या अंगाला धायटीची झुडपे लाल झाली होती, त्यांत शिंजीर भिरभिरत होते. हे सारे दिसत असताना मी म्हणालो, “तसे विशेष काही नसते.” यजमानाने पाहुण्याशी वाद घालू नये, एवढाच त्या उत्तरामागचा विचार. चार महिन्यांनी जेसीबी आला. कांडोळ नकाशात नव्हता, त्यामुळे तो जागेवरही राहिला नाही.

प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. मी विद्यापीठातला अभ्यासक नाही. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये सत्तावीस वर्षे नोकरी केली, आणि जे वाचले ते पाळी सुटल्यावर वाचले. त्यामुळे मांडणीत काही ओबडधोबडपणा असेल. पण प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, आणि तो केवळ बागकामाचा नाही. हिवाळ्यात आपण काय पाहायला शिकलो आणि काय पाहायचे विसरलो, असा तो प्रश्न आहे.

बागेची समीक्षा का नसावी?

आपल्याकडे पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, गाण्याच्या मैफलीचेही होते. बागेचे होत नाही. बागेवर लिहायचे म्हणजे खत किती, पाणी किती, कीड पडली तर काय फवारायचे, एवढेच. या मांडणीत काय साधले आणि काय फसले, असे कुणी विचारत नाही. वास्तविक वात्स्यायनाने दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादीत वृक्षायुर्वेदाला जागा आहे. म्हणजे झाडे लावणे आणि वाढवणे ही एके काळी इथेही कलांच्या पंक्तीला बसणारी गोष्ट होती.

इंग्रजीत ही परंपरा जुनी आहे. जोसेफ अ‍ॅडिसनने 1712 साली ‘द स्पेक्टेटर’मधील एका निबंधात, लोक खास हिवाळ्यासाठी बाग का करीत नाहीत याचे नवल व्यक्त केले आणि पान न गाळणाऱ्या झाडांची बाग सुचवली. त्यानंतर पन्नास वर्षांनी, 1762 मध्ये, लॉर्ड केम्सचा ‘एलिमेंट्स ऑफ क्रिटिसिझम’ हा ग्रंथ आला. नावाप्रमाणे तो समीक्षेची मूलतत्त्वे सांगणारा. त्यात काव्य-नाटकाच्या चर्चेबरोबर उद्यान आणि वास्तू यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. बाग ही समीक्षेची वस्तू आहे, हे तिथे अडीचशे वर्षांपूर्वी मान्य झाले होते.

इंग्रजांच्या या विचाराला कारणही होते. त्यांचा हिवाळा अंधारा. डिसेंबरात लंडनला जेमतेम आठ तास दिवस असतो. जमीन गोठते, फुले संपतात. अशा तीन-चार महिन्यांत बागेत काय पाहायचे, याची त्यांनी हळूहळू उत्तरे शोधली. सदाहरित कुंपण, लाल देठांची झुडपे, सालीचा पोत, फांद्यांची आकृती, न खुडता ठेवलेली बियांची बोंडे, दगडी भिंत, पायवाट. अलीकडे पीट आउडॉल्फ या डच रचनाकाराने वाळलेले गवत आणि मेलेली खोडे हीच बागेची हिवाळी शोभा मानली, आणि जगभर त्याचे अनुकरण झाले. या उत्तरांकडे मी पुन्हा येईन. आधी आपला हिवाळा म्हणजे नेमके काय, ते पाहायला हवे.

एक हिवाळा, दोन ऋतू

‘हिवाळा’ हा शब्द सोयीचा आहे, पण तो दोन ऋतूंना एका पोत्यात कोंबतो. मार्गशीर्ष-पौषाचा हेमंत आणि माघ-फाल्गुनाचा शिशिर. मावळात राहणाऱ्याला हे दोन ऋतू एक वाटणे शक्य नाही. हेमंतात खळ्यावर भात असते, ओढ्याला पाणी असते, जमिनीत ओल असते आणि तिच्यावर वाल, मसूर, हरभरा उभा असतो. शिशिरात ओढ्याचे डबके होते, झाडे पाने टाकू लागतात, डोंगर तांबूस होतो. पहिला भरलेला, दुसरा रिता.

संस्कृत कवींनी हा भेद नीट पाळला. ‘ऋतुसंहारा’चे सहा सर्ग सहा ऋतूंचे. त्यांत हेमंत आणि शिशिर वेगळे. ‘मेघदूता’तल्या अलकानगरीच्या स्त्रिया सहाही ऋतूंची फुले ल्यायलेल्या असतात आणि त्यांत हिवाळ्याच्या वाट्याला कुंद आणि लोध्र ही फुले आलेली आहेत. कुंद आजही आपल्याकडे थंडीतच फुलतो. मात्र ‘ऋतुसंहारा’तल्या शिशिरात कवी बराचसा घरात जाऊन बसतो. बंद खिडक्या, शेकोटी, ऊन, उबदार कपडे. रित्या झालेल्या झाडाकडे त्याचे फारसे लक्ष नाही.

याहून आपल्या मातीजवळचा पुरावा ‘गाथासप्तशती’चा. ही महाराष्ट्री प्राकृतातली, सातवाहन राजा हालाच्या नावाने चालत आलेली. सातवाहनांचा आणि आमच्या भागाचा संबंध कार्ल्याच्या लेण्यात कोरलेला आहे. तिथल्या शिलालेखात ‘मामाल’ हे नाव येते, तेच पुढे मावळ झाले. सप्तशतीच्या आरंभीच्याच गाथांत एक अशी आहे की, भाताचे शेत पांढरे पडू लागल्याने एक तरुणी खिन्न झाली आहे, कारण तिचे भेटीचे ठिकाण आता जाणार. तिला मैत्रीण समजावते की रडू नकोस, तागाचे शेत पिवळे रंगून नटीसारखे उभे आहे. या गाथेकडे शृंगाराची म्हणून सगळे पाहतात. मला ती बागेच्या रचनेचे सूत्र वाटते. एक पीक उतरते तेव्हा दुसऱ्याची वेळ झालेली असते, आणि डोळा त्याच्याकडे वळवायला कुणीतरी सांगावे लागते. ती मैत्रीण समीक्षकाचे काम करते आहे.

स. आ. जोगळेकरांची ‘गाथासप्तशती’ची मराठी आवृत्ती 1956 सालची. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ही त्याच वर्षीचे. एकाच वर्षी मराठी वाचकाला दोन पुस्तके मिळाली, आणि दोन्ही त्याला ऋतू निरखायला लावणारी. दुर्गाबाईंनी महिन्यांच्या क्रमाने लिहिले, हिवाळ्याची एकच मोट बांधली नाही, हे मला मोलाचे वाटते. पण त्यांची भूमिका पाहणाऱ्याची आहे, लावणाऱ्याची नाही. त्यांच्या नजरेतून अंगण कसे मांडावे, हे काम पुढच्यांचे होते. ते झाले नाही. मधल्या काळात पावसाने मराठी कविता आणि गाणी व्यापून टाकली आणि हिवाळ्याच्या वाट्याला ‘गुलाबी थंडी’ हे एक विशेषण उरले. शिशिर आला तर तो पानगळीचा, विरहाचा, म्हातारपणाचा. ही उदासी मावळातल्या शिशिराची नव्हे. इथे माघात पळसाला आणि पांगाऱ्याला कळ्या धरतात. पान गळणे म्हणजे शेवट, ही कल्पना थंड देशांतून वाचनाच्या वाटेने आपल्याकडे आली असावी असा माझा कयास आहे.

इंग्रजांचा उन्हाळा, आपला हिवाळा

आता प्रत्यक्ष बागेकडे. आपल्याकडे हिवाळ्याची बाग म्हटले की वाफ्यातले ‘सीझनल’ डोळ्यांपुढे येतात. पेटुनिया, फ्लॉक्स, साल्व्हिया, पॅन्झी, अ‍ॅस्टर. सप्टेंबर-ऑक्टोबरात बी टाकायचे, नोव्हेंबरात रोप लावायचे, डिसेंबर ते फेब्रुवारी फुले पाहायची. या फुलांचे मूळ पाहिले तर मौज वाटते. पेटुनिया दक्षिण अमेरिकेतला, साल्व्हिया ब्राझीलचा, फ्लॉक्स टेक्सासचा. इंग्लंडमध्ये यांतली बहुतेक उन्हाळी फुले. तिथल्या जून-जुलैचे हवामान आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीशी जुळते, हे इथे आलेल्या साहेबाच्या लक्षात आले आणि त्याने आपला उन्हाळा इथल्या थंडीत पेरला. फर्मिंजरचे 1860च्या दशकातले बंगालसाठीचे बागकामाचे पुस्तक आणि पुण्यात कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकवणाऱ्या, गणेशखिंडच्या वनस्पतिउद्यानाशी जोडलेल्या मार्शल वुड्रो यांचे ‘गार्डनिंग इन इंडिया’, अशा पुस्तकांतून हे वेळापत्रक पक्के झाले. पुढे मराठी पुस्तकांनी ते उचलले. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दर जानेवारीत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनात आजही या फुलांच्या कुंड्यांपुढे गर्दी असते, मीही दरवर्षी त्या गर्दीत असतो. फुलांशी माझे भांडण नाही.

भांडण आहे ते रचनेशी. जी बाग तीन महिन्यांसाठी वाफ्यात रोवली जाते आणि पाणी आटताच उपटून टाकली जाते, तिला जागेची रचना म्हणता येणार नाही. ती सजावट झाली. इंग्लंडमध्येच या पद्धतीवर विल्यम रॉबिन्सनने एकोणिसाव्या शतकात कडाडून टीका केली होती. त्याने 1870 मध्ये ‘द वाइल्ड गार्डन’ लिहून जागेला मानवणारी, टिकून राहणारी झाडे लावा असा आग्रह धरला. म्हणजे साहेबाची बाग आपण घेतली, पण त्या बागेची साहेबानेच केलेली समीक्षा मात्र घेतली नाही.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. 1993 साली, पहिल्या बोनसमधून बागकामाचे पुस्तक आणि बियांची पाकिटे आणली. आमच्या अंगणाला दगडी गडगा होता आणि त्याला लागून पिवळ्या कोरांटीची रांग होती. पुस्तकात कोरांटीचे नाव नव्हते. मी कुदळ घेऊन रांग खणू लागलो तेव्हा आई ओट्यावरून म्हणाली, “आरं, ही काढलीस तर मार्गशीर्षात बेस्तरवारी देवीला काय घालायचं?” मी म्हणालो, यंदा पेटुनिया घाल. ती हसली, पण पुढे काही बोलली नाही.

जानेवारीत पेटुनिया खरोखर देखणा दिसला. वाटेने जाणारे थांबून पाहत. फेब्रुवारीच्या मध्याला विहीर तळाला गेली. पहिला हक्क गुरांचा, मग भांड्यांचा. वाफ्यांपर्यंत पाणी पोचेना. आठवड्याभरात सगळे माना टाकून बसले. पुढले चार महिने त्या जागी उघडी माती होती, आणि तिच्यावर कोंबड्या. पाऊस पडला तशी गडग्याच्या सांदीत राहिलेल्या मुळांतून कोरांटी पुन्हा फुटली. तिला कुणी पाणी घातले नव्हते. त्या वर्षापासून मी पुस्तकांबरोबर अंगणही वाचू लागलो.

हेमंताची घडण

आईचे अंगण ही बाग आहे असे तेव्हा कुणी म्हटले नसते, तिने तर नाहीच. पण त्यात हेमंतासाठी काय काय होते, याची यादी केली तर त्यामागची योजना दिसते.

प्रथम फुले. शेवंती, झेंडू, अबोली, कोरांटी, कुंद. यांतला झेंडू मेक्सिकोकडचा, शेवंती चीनकडून आलेली. तेव्हा देशी-विदेशी अशी सरळ रेघ मारण्यात अर्थ नाही. प्रश्न झाड कुठून आले हा नसून ते इथल्या दिवसाशी जुळले का, हा आहे. शेवंतीचे जुळणे तर शब्दशः दिवसाशी आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी 1920 मध्ये दाखवून दिले की काही वनस्पती दिवस-रात्रीच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवतात. शेवंतीला फुलायला मोठी रात्र लागते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. हा दोन-सव्वादोन तासांचा फरक माणसाला जाणवतो न जाणवतो, शेवंतीला नेमका कळतो. म्हणूनच हरितगृहात तिला उशिरा फुलवायची असेल तर रात्री दिवे लावतात.

आमच्या तालुक्यात हरितगृहे पुष्कळ आहेत. मावळचा गुलाब प्रसिद्ध आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात फुले हाती यावीत म्हणून आधी हिशेबाने छाटणी होते, आणि चौदा तारखेच्या आत लांब दांड्यांचे गुलाब खोक्यांतून परदेशी जातात. हिवाळ्यात मावळात सर्वांत जास्त निगा राखलेले हे फूल मावळातल्या एकाही अंगणात दिसत नाही. शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो ते चांगलेच आहे. पण पाहुण्याला “इथे हिवाळ्यात काय असते” असा प्रश्न पडतो, त्याचे हेही एक कारण आहे. जे फुलते ते प्लास्टिकच्या कापडाआड.

दुसरी गोष्ट वेल. परसातल्या मांडवावर पावटा किंवा वाल. जांभळी-पांढरी फुले, त्यांच्याच शेजारी कोवळ्या शेंगा. शोभेच्या कोणत्याही वेलीला लाजवील असा हा वेल आपण भाजीत मोजतो, बागेत मोजत नाही. बाजूला हादगा, त्याची पांढरी फुले आधी भोंडल्यात, मग भाजीत. समर्थ रामदासांचे ‘बागप्रकरण’ पाहावे. झाडांची ती लांबलचक नामावळी काटेरी झाडांपासून सुरू होते. कुंपण, फळ, फूल, औषध अशी वर्गवारी तिथे आड येत नाही. उपयोग आणि शोभा यांची फारकत ही नंतरची गोष्ट आहे.

तिसरी गोष्ट, जिला इंग्रजी पुस्तके बागेतली ‘रचना’ म्हणतात. मध्यभागी वृंदावन. कार्तिकात त्याला गेरू आणि चुना लागतो, तुळशीच्या लग्नाला उसाचा मांडव पडतो, त्यात चिंचा-आवळे-बोरे येतात. या दिवसांत तुळशीच्या मंजिऱ्या वाळून तपकिरी होतात, त्या मुद्दाम राखून ठेवायच्या, बी धरण्यासाठी. सारवलेली जमीन. भात झोडून झाल्यावर रचलेली पेंढ्याची उडवी, पिवळी, निमुळती, उन्हात चमकणारी. गडगा. या सगळ्यांत एकही वस्तू ‘शोभेसाठी’ नाही, आणि हेमंतातल्या सकाळी धुके वर सरकू लागल्यावर ज्या क्रमाने त्या दिसू लागतात, त्या क्रमात कुठे बोट ठेवायला जागा नाही. आधी उडवीचे टोक, मग वृंदावनाचा चुना, मग कोरांटीचा पिवळा.

शिशिराची घडण

हेमंतापर्यंत आपले भागत होते. अडचण शिशिराची. पाणी नाही, फूल नाही, गवत वाळले. इथे आपण डोळे मिटून घेतो आणि हिरवळ लावतो. नव्या बंगल्यांभोवती जे दिसते ते हेच. लॉन आणि पामची रांग. ती बारा महिने सारखीच दिसावी अशी अपेक्षा असते. पश्चिमेला लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि पूर्वेला पुण्यात सातशेच्या आसपास, अशा दोन टोकांमध्ये वसलेल्या मुलखात, जिथे वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडून जातो, तिथे ही अपेक्षा पाण्याच्या टँकरवर चालते. आणि तरीही माघात लॉन पिवळे पडतेच. शिशिर न पाहण्यासाठी मोजलेली ही किंमत आहे.

शिशिराची बाग करायची तर इथली झाडे पाने का टाकतात हे समजून घ्यावे. युरोपातले झाड मुख्यतः थंडी आणि अंधार यांपायी पान गाळते. आमचे झाड पाणी वाचवण्यासाठी गाळते. ऊन भरपूर असते. त्यामुळे तिथला निष्पर्ण वृक्ष करड्या आभाळापुढे उभा असतो, आमचा लख्ख निळ्या आभाळापुढे. डिसेंबरअखेर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे अठ्ठेचाळीस अंशांवर असतो, म्हणजे माणसाची सावली मध्यान्हीलाही जवळपास त्याच्या उंचीएवढी. मेच्या मध्याला हीच सावली पायाखाली गडप होते. तिरपे ऊन, कोरडी हवा आणि पाने नसलेले झाड, या तिन्ही गोष्टी एकत्र येतात तेव्हा झाडाची साल दिसते. एरवी ती कुणी पाहत नाही.

ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी तडकलेली. नदीकाठच्या अर्जुनाची गुळगुळीत, पांढुरकी, मध्येच गुलाबी झाक दाखवणारी. काटेसावरीच्या खोडावर काट्यांचे शंकू. आणि कांडोळ, ज्याला काही भागांत भुताचे झाड म्हणतात. त्याची साल कागदासारखी सुटत जाते आणि आतले अंग चांदण्यात उजळते. इंग्रजी बागांत पांढऱ्या खोडाच्या बर्च झाडासाठी लोक पैसे मोजतात. आमच्या उतारावर त्याच तोलाचे झाड फुकट उभे होते, आणि मी म्हणालो की विशेष काही नसते.

मग शेंगा. बहाव्याच्या काळ्या लांब नळ्या, टेटूच्या तलवारी, आणि कुंपणावर उकललेल्या गुंजेच्या शेंगांतून डोकावणारे लाल-काळे मणी. थंड देशांत बोंडे बर्फ धरतात म्हणून राखतात. आमच्या शेंगा वाऱ्यात वाजतात. मग गवत. कुसळीने पांघरलेला उतार मार्गशीर्षात सोनेरी, माघात तांबूस. आउडॉल्फच्या बागेत गवताच्या या वाळक्या रंगांसाठी लोक लांबून जातात. आमच्याकडे ते ‘साफसफाई’च्या यादीत पहिले असते.

आणि शेवटी फुले, कारण आमचा शिशिर फुलांवाचून नाही. धायटी डोंगरउतारावर, खडकात, एक थेंब पाण्याशिवाय लाल होते. काटेसावर पाने टाकून मगच फुलते, पांगारा आणि पळसही. पाने आड येत नसल्याने फुले लांबून दिसतात आणि मैना, बुलबुल, शिंजीर त्यांवर गर्दी करतात. वाफ्यातल्या फुलांना माणसाने पाणी घालायचे असते. ही फुले उन्हाळ्याच्या तोंडावर पाखरांना मध पाजतात. बागेचे मूल्यमापन करताना हा फरक मोजला पाहिजे.

काही आक्षेप

या मांडणीवर तीन आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत.

पहिला वणव्याचा. घराशेजारी वाळके गवत ठेवणे धोक्याचे आहे. माघ-फाल्गुनात आमच्याकडे डोंगर पेटतात हे खरे. त्यावर उपाय जुनाच. घराभोवती काही हातांचा पट्टा कापून, सारवून मोकळा ठेवायचा, गवत पलीकडे. अंगण सारवण्याच्या पद्धतीत ही व्यवस्था होतीच. वनखातेही जाळरेषा काढते ती याच तत्त्वावर.

दुसरा आक्षेप असा की काटेसावर, कांडोळ, ऐन ही मोठी झाडे, गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या जागेत ती कुठे मावणार? मान्य. लहान जागेत धायटी, कोरांटी, कुंद आणि मांडवावरचा पावटा पुरे. मोठी झाडे लावायची नसून राखायची आहेत. आधीच असलेल्या झाडाला नकाशात जागा द्यायची, एवढेच.

तिसरा आक्षेप मी स्वतःवर घेतो. हे गतकाळाचे हळवेपण तर नव्हे? आईचे अंगण सुंदर होते हे मी आज म्हणतो; ते सारवताना तिचे गुडघे गेले हेही मला माहीत आहे. उडवी रचणारे हात आता कारखान्यांत आहेत, माझेही होते. म्हणून सगळे जसेच्या तसे परत आणा असे मी म्हणत नाही. त्या अंगणातला विचार घ्यावा. वर्षातली जी वेळ रिती आहे, ती कशाने तरी झाकून टाकण्याऐवजी, रितेपणात जे दिसते ते मांडावे. अ‍ॅडिसन आणि आउडॉल्फ यांनी त्यांच्या हवेत तेच केले. त्यांची झाडे आपण घेतली, वेळापत्रक घेतले, हिरवळ घेतली. त्यांचा प्रश्न मात्र घ्यायचा राहिला. आपापल्या कठीण ऋतूत नजरेला काय पुरते, हा तो प्रश्न.

शेजारचे गृहस्थ चांगले आहेत. पाण्याची तक्रार ते माझ्याकडेच करतात. गेल्या माघात ते पुन्हा चहाला आले होते. त्यांचे लॉन पिवळे पडले होते, आणि आमच्या गडग्यापाशी मी चार वर्षांपूर्वी लावलेली धायटी पहिल्यांदा भरात आली होती. त्यांनी विचारले, “हे लाल काय आहे? नर्सरीत मिळेल का?” मी म्हणालो, “तुमच्याच जागेत होती. उताराच्या वरच्या बाजूला अजून दोन झुडपे शिल्लक आहेत. चला, दाखवतो.”

आम्ही वर गेलो. धायटीच्या पलीकडे, खडकाच्या कपारीत, गुडघ्याएवढे एक रोप पानांविना उभे होते. हिवाळ्यात ते नुसत्या काडीसारखे दिसत होते. मी त्यांना सांगितले की हा कांडोळ असावा, पाने आल्यावर नक्की कळेल, तोवर हे कापू देऊ नका. त्यांनी खिशातून पेन काढले, घडी करून आणलेल्या नकाशावर त्या जागी एक टिंब दिले आणि मला नाव पुन्हा एकदा सांगायला लावले.